सतरा नंबरचा जॉब

१८ ऑगस्ट २००८, सोमवार

मंगलने आज सकाळी पोहे वाढता वाढता हुकूम काढला, की यापुढे चंद्र, रॉकेट, सरकार आणि माणसाची अक्कल या चार विषयांवर मी घरात बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर वहीत बोलावं. विमा एजंटाने जानेवारीत दिलेली डायरी तिने कपाटातून काढून पुढ्यात ठेवली. साडेसात महिन्यांची पानं कोरी आहेत, म्हणजे तेवढे दिवस देश माझ्या मताशिवाय चालला.

तर मत असं. नाशिकच्या अंबडमधल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी सव्वीस वर्षं इन्स्पेक्टर आहे, म्हणजे तयार झालेला प्रत्येक जॉब मोजून पास-नापास करतो, तिथे आजवर मोटरसायकलचे पार्ट आणि कुकरची हँडलं बनली. आज सुनीलशेठने पेढे वाटले. सुनील आमच्या जुन्या मालकांचा मुलगा, वय बत्तीस, मला आहेरकाका म्हणतो. पुण्याच्या एका कंपनीकडून त्याने चोवीस ब्रॅकेटांची ऑर्डर आणली आहे. ती कंपनी पुढे उपग्रह बनवणाऱ्यांना माल देते. उपग्रहातली कुठलीशी पेटी हलू नये म्हणून तिला धरून ठेवायचं, तळहाताएवढं अल्युमिनियमचं ब्रॅकेट. सुनील म्हणाला, आपण आता इतिहासाचा भाग झालो. मी विचारलं, इतिहासात लोडशेडिंग किती तास असतं. कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या तोंडात पेढे होते.

पेपरात आलंय की आपलं यान ऑक्टोबरात चंद्राकडे निघणार. खर्च तीनशे शहाऐंशी कोटी. चंद्रावर पाणी आहे का ते बघणार म्हणे. आमच्या नळाला पाणी आहे का ते बघायला मंगल रोज पहाटे पाचला उठते, फुकट. चंद्रावरच्या आणि आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचा विनोद टपरीवर सगळ्यांनी करून झालाय, म्हणून तो मी करत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

ब्रॅकेटचं ड्रॉइंग आलं. अकरा पानं. कुकरच्या हँडलचं ड्रॉइंग अर्ध्या पानाचं होतं आणि त्यावरही चहा सांडलेला होता.

अटी वाचून करमणूक झाली. तयार जॉबला उघडा हात लावायचा नाही. घाम नको, तेल नको, धूळ नको, केस नको. धुवायचं कशाने ते लिहिलंय, पुसायचं कोणत्या कापडाने तेही लिहिलंय. मग पारदर्शक पिशवीत घालून पिशवी सील करायची. माणसाचा इतका विटाळ मानणारी वस्तू मी पहिल्यांदाच पाहिली. आमच्या जुन्या स्टोअररूमला काचेचं दार आणि एसी लावून तिचं नाव आता स्वच्छ खोली झालंय. आत दोघांनाच परवानगी. मोजायला मी, धुवायला आणि पॅकिंगला भागीबाई.

भागीबाई पेठकडच्या पाड्यावरची, इथे चुंचाळ्यात एक खोली घेऊन राहते. नवरा हिरामण द्राक्षबागांच्या कामाला हंगामापुरता दिंडोरीकडे जातो, पोरगी इथल्या शाळेत आठवीत. बारा महिने चालणारं काम घरात फक्त हिचं. सुनीलने विचारलं, भागीबाईच का. मी म्हणालो, आख्ख्या शॉपमध्ये तंबाखू न मळणारे हात तेवढेच आहेत. खरं कारण असं, की सहा वर्षांत तिने भरलेल्या खोक्यात एक जॉब कमी किंवा जास्त निघालेला नाही. पण हे तोंडावर सांगितलं की माणसं बिघडतात.

४ सप्टेंबर, गुरुवार

पहिला जॉब नापास. एका भोकाची जागा बारा मायक्रॉनने सरकलेली. आमचा मशीनवाला केरू हळहळत म्हणाला, भाऊ, बारा मायक्रॉन म्हंजे केसाचा पाचवा-सहावा हिस्सा बी नाय, तिकडं वर कोण बघायला बसलंय. मी म्हणालो, हाच प्रश्न मी तीनशे शहाऐंशी कोटींबद्दल विचारतो, तेव्हा तू मला देशद्रोही ठरवतोस. जॉब नापास तो नापासच.

नापास ब्रॅकेट घरी आणलं. पेपर उडू नये म्हणून ठेवायला बरं. मंगल म्हणाली, संध्याकाळपासून तिसऱ्यांदा पुसताय. धूळ फार येते हल्ली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अकरा जॉब पास. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक भोक एकदा मोजायचं लिहिलंय, मी चारदा मोजतो. सरकारी पैसा आहे, निदान मोजायला तरी कोणीतरी हवं.

आज स्वच्छ खोलीत भागीबाईला जरा शहाणं करायचं ठरवलं. सांगितलं, की तू हातमोजे चढवून ज्याला तान्ह्या पोरासारखं जपतेस ते आभाळात जाणार आणि तिथेच राहणार. तुझ्या पाड्यावर अजून दुपारून वीज नसते. या सगळ्या खर्चातून तुझ्या पाड्याला काय मिळणार, याचा विचार केलास का कधी.

ती पिशवी सील करत होती. सील तपासून पिशवी खोक्यात ठेवली. मग म्हणाली, "साहेब, माझ्या पाड्यावर कशाचाच फायदा पोचत नाय. सव्वीस वर्सं तुमी मोटरसायकलचे पार्ट पास केले. तवा कधी इचारलं नाय, भागीबाईच्या पाड्यावर काय आलं म्हून. आता चंद्रालाच का इचारता? भांडण तुमचं, आन् नाव आमच्या पाड्याचं."

अशिक्षित माणसांशी तात्त्विक चर्चा करण्यात अर्थ नाही. मुद्दा कुठल्या कुठे नेतात. टपरीवर हाच पाड्याचा मुद्दा मी महिनाभर मांडतोय, तिथे एकालाही उत्तर देता आलेलं नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार

अमेरिकेत बँका बुडाल्या. मला वाटलं तिकडे बुडाल्या तर इकडे काय, पण मोटरसायकलची ऑर्डर निम्म्यावर आली. सेकंड शिफ्ट बंद. नऊ जणांना सुनीलने घरी बसवलं, त्यात भिकनसारखा जुना ग्राइंडरवाला. सुनील सांगत होता, की हा चोवीसचा लॉट पास झाला तर पुण्याहून आणखी तीनशेची ऑर्डर नक्की आहे, आणि त्यावर भिकनसकट सगळे परत येतील.

म्हणजे ज्या उधळपट्टीवर मी तोंडसुख घेतो, तिच्यावर आता आमच्या चुली पेटणार. टपरीवर आज मी चहा घेऊन लगेच निघालो, काम होतं.

८ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

सकाळी शॉपमध्ये पूजा झाली. मशीनं धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, लेथपासून झाडूपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. आरतीला मी नेहमीप्रमाणे दारात उभा होतो. काही लाखांचं मशीन माणूस चालवतो की कुंकू, हे मी दरवर्षी विचारतो. दरवर्षी केरू मला प्रसादाचा मोठा तुकडा देऊन गप्प करतो.

जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर पंगतीला बसले. सतरा नंबरचा जॉब पुन्हा मोजायचा म्हणून तेवढाच पिशवीबाहेर होता. स्वच्छ खोलीत जाताना वाटेत पूजेचं ताट होतं. बोट ताटात कधी गेलं ते समजलं नाही. आत गेलो, आणि सतरा नंबरच्या एका कोपऱ्यावर, भोकाच्या शेजारी, बारीक टिकली लावली. मिनिटभर बघत राहिलो. मग ड्रॉइंगवरच्या अटी आठवल्या आणि घाम फुटला. दिलेल्या कापडाने पुसलं, भिंग लावून पाहिलं, स्वच्छ होतं. भागीबाई जेवून आल्यावर तिला सील करायला दिलं.

हे श्रद्धेतून केलं असं कोणी म्हणू नये. सव्वीस वर्षं दर खंडेनवमीला लोकांना लावताना पाहिलंय, हाताला वळण पडतं. दुसरं म्हणजे बाकी सगळ्यांना लावून एकालाच वगळणं बरं दिसत नाही. नवा फ्रिज आला तेव्हा मंगलने त्याला कुंकू लावलं, आणि मी चार दिवस हसत होतो. तो वेगळा विषय आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

लॉट पुण्याला गेला. चोवीसच्या चोवीस पास, खाली माझी सही. टेम्पो फाटकाबाहेर पडेपर्यंत सगळे बघत उभे होते. मीही होतो, कारण फाटक माझ्या टेबलासमोरच आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार

यान उडालं. सकाळी सहा बावीसला. मी मुद्दाम उठलो नव्हतो, नळाला पाणी आलं म्हणून जागा होतो. टीव्हीसमोर ब्रश तोंडात घेऊन उभा राहिलो तो पेस्ट वाळेपर्यंत. ढगाळ हवा होती, आगीचा लोळ ढगात गेला आणि दिसेनासा झाला. मंगलने विचारलं, डोळ्यांत पाणी कसलं. पेस्ट तिखट आहे, पुढच्या वेळी दुसरी आण, असं सांगितलं.

आपली ब्रॅकेटं त्यात नाहीत, ती पुढच्या कुठल्यातरी उपग्रहासाठी आहेत. तरी शॉपमध्ये केरू सगळ्यांना हात मिळवत फिरत होता. मी त्याला खर्चाचा आकडा पुन्हा सांगितला. तो म्हणाला, भाऊ, आजच्या दिवस नका ना.

३ नोव्हेंबर, सोमवार

पुण्याहून ललिता मॅडम आल्या. तिशीतल्या इंजिनीअर, बोलणं कमी. त्यांनी टेबलावर एक ब्रॅकेट आणि एक फोटो ठेवला. नंबर पाहायची मला गरज नव्हती. भोकाच्या आट्यांमध्ये लाल कण सापडले होते. वरचं पुसलं होतं, स्क्रू जिथे फिरतो त्या आट्यांत बसलेलं भिंगातून दिसलं नव्हतं. त्यांनी ते तपासूनही घेतलं, कुंकू निघालं.

सुनीलने विचारलं, पुन्हा धुऊन नाही का चालणार. मॅडम म्हणाल्या, हे धुता येईल. पण वर गेल्यावर असे कण सुटून तरंगतात आणि नको तिथे जाऊन बसतात, आणि दुरुस्त करायला तिथे माणूस पाठवता येत नाही. एकात हे निघालं म्हणजे बाकीच्या तेवीसांवर विश्वास कसा ठेवायचा. शुक्रवारपर्यंत लेखी अहवाल द्या, हे कसं झालं, कोणी केलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. तो पटला तर दुसरा लॉट बनवून देता येईल. नाही पटला तर ऑर्डर रद्द.

मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. स्वच्छ खोलीत जाणारे दोघे. एक मी, जो आरतीला दारात उभा राहतो. दुसरी कपाळाला कुंकू लावणारी बाई. चौकशीला पाच मिनिटंही लागली नाहीत. भागीबाई सुनीलला म्हणाली, "पिशवी उघडायची नाय असं सांगितलं व्हतं ना शेठ. मग मी कशाला उघडीन? मी नाय लावलं." एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं. तिला काही माहीत असण्याचं कारण नाही. मी साहेब, म्हणून पाहिलं असेल.

सुनीलने तिला अहवाल होईपर्यंत घरी थांबायला सांगितलं. अहवाल इन्स्पेक्टरने लिहायचा असतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

अहवालाचा छापील फॉर्म आहे. कारण, जबाबदार व्यक्ती, उपाय. सुनीलने तोंडी सांगून टाकलंय. जबाबदार व्यक्ती, पॅकिंग कामगार. उपाय, कामावरून कमी केले. काका, मलाही वाईट वाटतं, पण तीनशेची ऑर्डर आहे, नऊ जण घरी बसलेत, असं म्हणाला. खोटं काहीच बोलत नाही तो.

मी शांतपणे विचार केला. समजा मी खरं सांगितलं. सव्वीस वर्षांच्या इन्स्पेक्टरने स्वतः पास केलेल्या मालाला कुंकू लावलं, असं कळल्यावर पुण्याची कंपनी आमच्याकडे कुकरचं हँडलसुद्धा देणार नाही. म्हणजे गप्प राहणं हे एकूण शॉपच्या हिताचं आहे. भागीबाईला दुसरीकडे काम मिळेल. नाही मिळालं तर हिरामणबरोबर द्राक्षांवर जाईल. पोरीची शाळा तेवढी बुडेल, पण या लोकांना सवय असते.

वरचं वाक्य खोडणार होतो, पण राहू दे. आपण काय काय लिहू शकतो ते समजलेलं बरं.

तीन महिने मी टपरीवर विचारतोय, की आभाळात जायची किंमत शेवटी कोण देतं. उत्तर मिळालं. भागीबाई देते, आणि पावतीवर सही माझी आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

फॉर्म तसाच. जेवताना मंगलला सगळी हकीकत सांगितली, म्हणजे भागीबाईवर कसा आळ आला इथपर्यंत. ती ऐकत होती. भात कालवता कालवता म्हणाली, "तुम्ही लावलंत ना?"

मी विचारलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, "खंडेनवमीला घरी आलात तेव्हा बोट लाल होतं. मला वाटलं, चला, सव्वीस वर्षांनी एकदा तरी पूजेला हात लावलात. बरं वाटलं मला. म्हणून विचारलं नाही."

मग एवढंच म्हणाली, की ती बाई दोन दिवस घरी बसून आहे. भांडी घासताना आज तिने रेडिओ लावला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ललिता मॅडम अकराला आल्या. फॉर्म मी सकाळी भरला होता. जबाबदार व्यक्ती या रकान्यात माझं नाव, मल्हारी आहेर, मुख्य इन्स्पेक्टर. सुनीलने वाचलं आणि त्याला वाटलं, भागीबाईला वाचवायला मी खोटं लिहिलंय. मला म्हणाला, काका, तुमच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. नास्तिक म्हणून इतकी वर्षं कमावलेलं नाव असं आडवं आलं. ताट कुठे होतं, भोक कोणतं, कापड कोणतं, सगळं तपशीलवार सांगितलं तेव्हा तो खुर्चीत बसला.

मॅडमनी विचारलं, कारणाच्या रकान्यात तुम्ही काही का लिहिलेलं नाही. मी म्हणालो, सवय. त्या म्हणाल्या, सवय नाही चालणार, तुमची सवय तर लांब उभं राहायची आहे असं सगळे सांगतात. मी म्हणालो, मग चूक लिहा. त्या पेन धरून थांबल्या.

"ते नीट पोचावं असं वाटलं," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला माहीत नाही. केरू ऐकत होता, आता टपरीवर माझं काही खरं नाही. जन्मभर बनवलेलं सगळं रस्त्यावर धावलं, झिजलं आणि भंगारात गेलं. हे एकच असं होतं, की मी गेल्यावरही कुठेतरी वर फिरत राहिलं असतं. यावर तीनशे काय नि चारशे काय, एकही कोटी खर्च करू नये हे माझं मत कायम आहे. पण ते पोचावं असं वाटलं, आणि फार वाटलं.

मॅडम म्हणाल्या, "माझ्या आईने माझ्या लॅपटॉपला लावलं होतं. पण आईच्या सहीने लॅपटॉप वर जात नाही." मग त्यांनी निर्णय सांगितला. दुसरा लॉट आम्हालाच. मात्र जबाबदार व्यक्तीने त्या कामाच्या आणि त्या खोलीच्या जवळ यायचं नाही, सहीचा अधिकार दुसऱ्याला द्यायचा. सुनीलने मला मोटरसायकलच्या पार्टांवर टाकलं. तिथे सध्या मोजायला फारसं काही नाही.

खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं लोक सांगतात. मला पाठदुखीशिवाय काही वाटलं नाही. तरी भागीबाई सोमवारी येणार, याचं बरं वाटतंय. चार चांगले शब्द बोलेल, आणि मी त्यात काय मोठं म्हणून उडवून लावेन, हे ठरवूनही ठेवलंय.

१० नोव्हेंबर, सोमवार

भागीबाई आली. मी बरोबर आठ वाजता स्वच्छ खोलीच्या दाराशी उभा होतो, आत न जाता. तिने टोपी घातली, केस आत सारले, हातमोजे चढवले. माझ्याकडे बघितलं नाही. शेवटी मीच म्हणालो, बरं झालं आलीस, मी खरं काय ते सांगून टाकलं.

ती म्हणाली, "सांगितलं, शुक्रवारी. मला सोमवारी इचारलं तवा तुमी तिथंच व्हते, साहेब. माज्या समोर." आवाज चढवला नाही तिने. "चार दिस आमच्या गल्लीत समद्यांना कळलं, भागीबाईनं कंपनीचा माल खराब केला. पोरगी साळंत गेली नाय, पोरी चिडवत व्हत्या म्हून. तुमाला टेबल बदलून दिलं. मला कोन काय बदलून देनार?"

मी तीन महिने या वहीत आणि टपरीवर प्रत्येक गोष्टीला उत्तर दिलंय. म्हणालो, माझं चुकलं, भागीबाई. ते शब्द तिथेच पडून राहिले. उचलायला कोणी वाकलं नाही.

आत टेबलावर नव्या लॉटचा पहिला जॉब ठेवलेला होता. केरूने फार सुंदर काढला होता, दारातूनही कडा दिसत होत्या. मी विचारलं, एवढं झाल्यावरही हे काम नीट करशील का. ती म्हणाली, कामानं माझं काय वाईट केलंय.

मग दाराला हात लावून म्हणाली, "सरका जरा साहेब. दार लावायचंय. धूळ येते आत."

मी सरकलो.